अपूर्णांक तपासायचेत, भाषा नव्हे

पेपर काढण्याआधी मी वहीत एकच ओळ लिहिते: नेमकं काय तपासायचंय? ३/४ मोठा की २/३, एवढंच ना? मग उत्तराची वाट कुठलीही चालेल.

आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. एक पोरगी शाब्दिक उदाहरणात हमखास अडायची. तिच्यापुढे चादर ठेवली. तिने आडवे चार, उभे तीन भाग दुमडले, बारा चौकोन पाडले. ३/४ चे नऊ मोजले, मग २/३ चे आठ. “नऊवालं मोठं, टीचर.” पूर्ण गुण! निकष मात्र सगळ्यांना सारखेच: उत्तर आणि कारण.

कमी दिसणाऱ्याला ठळक छपाई, हळू लिहिणाऱ्याला तासाला २० मिनिटं जादा. सोपा पेपर देऊ नका. पोरांना ते लगेच कळतं. उत्तर कसं दिलं ते गुणांशेजारी ‘घडी’, ‘तोंडी’, ‘लेखी’ असं टिपून ठेवा, पालकसभेत उपयोगी पडतं.