कांद्यापासून येणारं फुलझाड ओळखताय? मग या चुका टाळा

मृगाचा पहिला पाऊस पडला की दरवर्षी माझ्या फोनवर तेच सुरू होतं, कुणीतरी अंगणातला फोटो पाठवतं आणि विचारतं, ताई हे कोणतं फूल आहे. फोटोत फूल नसतंच. लांब पट्ट्यासारखी हिरवी पानं, मागे बादली, बाजूला कोंबडी. आता स्पायडर लिली, नागदवणा, अमेरिलिस म्हणून विकतात ते, ही सगळी जमिनीतल्या कांद्यासारख्या गड्ड्यापासून येणारी फुलझाडं, सगळ्यांची पानं पट्ट्यासारखीच, त्यावरून मी काय सांगणार? फोनमधलं झाडं ओळखणारं अ‍ॅपही तिथेच चुकतं. एकाच झाडाचे सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन फोटो टाकून पाहा, तीन वेगळी नावंही येतील, आणि लोक त्यातलं सगळ्यात छान वाटेल ते नाव धरून बसतात.

पण सगळ्यात मोठी चूक ती नाहीये. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानं सुकली की झाड मेलं म्हणून उपटून टाकणं.

हे मी स्वतः केलंय म्हणून कळकळीने सांगते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामाच्या जुन्या वाड्यातून एक कांदा आणला होता, मुठीएवढा, नाव मामालाही माहीत नव्हतं, म्हणे आजीच्या काळापासून आहे. फुटक्या माठात लावला, पावसाळाभर मस्त रुंद पानं आली, फूल काही आलं नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली, थंडीत पूर्ण गेली, मी पाणी घालत राहिले. फेब्रुवारीत माती उकरून पाहिली तर कांदा मऊसर लागला, म्हटलं सडला, आणि माठातली सगळी माती उकिरड्यावर नेऊन टाकली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्याही, "अवं बाई, मेलं नाई ते, झोपलं हाये." मी ऐकलं नाही. मे संपला, रोहिणीत दोन वळवाचे पाऊस झाले आणि एका सकाळी शेण टाकायला गेले तर उकिरड्याच्या कडेला लालभडक गोळा उभा! एक पान नाही, नुसता जाड दांडा आणि त्यावर शेकड्याने बारीक फुलांचा चेंडू. मे फ्लॉवर होतं ते, कुणी फुटबॉल लिली म्हणतं, मूळची आफ्रिकेतली. वर्षातून एकदाच फुलते आणि थंडीभर जमिनीत गप्प पडून असते. मी तिला पाणी घालून घालून सडवत होते, उकिरड्याच्या कोरड्या कडेने वाचवलं.

तेव्हापासून माझी सवय अशी की अनोळखी कांदा आला की एक वर्ष त्याला हात लावायचा नाही. आइसक्रीमच्या काडीवर कुठून आणला ते लिहून मातीत खोचायची, आणि पान कधी आलं, कधी गेलं, फूल कधी आलं, पानाआधी की पानासोबत, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकायचं. अर्धी ओळख तिथेच होते. ज्यांना आठ दिवसांत नाव पाहिजे त्यांनी नर्सरीतून पाटी लावलेलं रोप आणावं.

फूल आलं की मग एक फूल तोडा. हो, तोडा, जीव तुटतो पण तोडा. आधी दांडा ब्लेडने आडवा कापा. आतून नळीसारखा पोकळ निघाला आणि वर मोठी कर्ण्यासारखी लाल-केशरी फुलं असतील तर ते अमेरिलिस म्हणून विकतात ते हिपिअ‍ॅस्ट्रम, भरीव असेल तर नागदवण्याकडचं पाहायचं. मग आतले पुंकेसर, म्हणजे टोकाला पराग असलेल्या काड्या, मोजा, सहा असतील तर या मंडळींपैकी काहीतरी असू शकतं, तीनच असतील तर ग्लॅडिओलसच्या घराण्यातलं. पांढरं, लांब पाकळ्यांचं फूल असेल तर पुंकेसरांच्या बुडाशी पाहा. तिथे पातळ पांढरा पडदा जोडून वाटी झालेली असेल तर स्पायडर लिली, सहाही काड्या सुट्या असतील तर नागदवणा. या दोघांत आमच्याकडे निम्मे लोक चुकतात.

बाकी "लिली आहे" हे उत्तर नाही. रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, यातली एकही खरी लिली नाही, उलट आजच्या वर्गीकरणात आपला कांदा-लसूण यांच्याच कुळात बसतो. खऱ्या लिलीच्या कांद्याला वरून कागदी साल नसते, सुटे खवले असतात.

आणि आता ज्या गोष्टीवर मला खरंच राग येतो ती. कांद्यासारखं दिसतं म्हणून स्वयंपाकघरात नेऊ नका. आमच्या पुतण्याने एप्रिलमध्ये जंगलाच्या कडेने एक गड्डा उकरून आणला, अंगणात लावायचा म्हणून, आणि कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवून खेळायला गेला. जाऊबाईंनी घाईत उचलून विळीवर दोन फोडी केल्यासुद्धा. डोळ्यात पाणी नाही, वास नाही, उलट बोटं चुळचुळ खाजायला लागली, म्हणून थांबल्या बिचाऱ्या. रानकांदा होता तो. त्यातलं विष थेट हृदयाच्या ठोक्यावर जातं. कांद्या-लसणाचा वास नसेल तर तो खायचा नाहीच, आणि वास आला तरी अनोळखी कांदा खायचा नाही, एवढं घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा. गुरांनाही टाकू नका. कुंपणावर चढणारी, पानाच्या टोकाने काडीला विळखा घालणारी, लाल-पिवळी फुलं येणारी कळलावी असेल तर तिचा गड्डा हाताळून हात धुवा, तीही विषारी.

लावताना कांदा काळ्या मातीत खोल पुरू नका, पावसाळ्यात पाणी साचून सडतो, मग ओळखायला उरतच काही नाही. वाळू आणि शेणखत मिसळा, कांद्याची मान मातीच्या वर ठेवा.

मला फोटो पाठवायचा असेल तर चार पाठवा, पूर्ण झाड, फूल समोरून, फूल बाजूने म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी गाठ दिसेल असं, आणि कापलेला दांडा. सोबत महिना लिहा. माझ्याच न्हाणीमागे एक कांदा दोन वर्षं नुसती पानं देतोय, सावलीत होता म्हणून यंदा उन्हात हलवलाय, काडीवर अजून "माहीत नाही" एवढंच लिहिलंय.