शुक्र-मंगळावरून स्वभाव वाचणाऱ्यांसाठी : आधी अयनांश, मग वर्णन

शुक्र रसिकतेचा आणि मंगळ धडाडीचा कारक, शुक्र मीनेत उच्च (सर्वांत बलवान) व कन्येत नीच (सर्वांत दुबळा), मंगळ मकरेत उच्च व कर्केत नीच, एवढे ज्योतिषाच्या नव्या अभ्यासकालाही पाठ असते, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. नवा माणूस हमखास घसरतो, आणि मी स्वतः बराच काळ घसरत राहिले, ती जागा या पाठांतराच्या पलीकडे आहे. ग्रहस्थिती एका पद्धतीची घ्यायची आणि स्वभाववर्णन दुसऱ्या पद्धतीचे वाचायचे, असे तिचे स्वरूप आहे.

आपल्याकडची पत्रिका निरयन असते, म्हणजे तिच्यात राशी स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजतात. मात्र "अमुक राशीतला शुक्र असे प्रेम करतो, तमुक राशीतला मंगळ असा रागावतो" अशा थाटाची जी राशीवार वर्णने मोबाइलवर सहज सापडतात, ती बहुतेक पाश्चात्त्य सायन परंपरेतून, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजणाऱ्या परंपरेतून उचललेली असतात आणि मराठीत आणताना तसे सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेते. या दोन राशिचक्रांतले अंतर म्हणजे अयनांश. राष्ट्रीय पंचांगासाठी २१ मार्च १९५६ रोजी ते २३ अंश १५ कला धरले गेले आणि आता ते २४ अंशांच्या थोडे पुढे गेले आहे. रास ३० अंशांची असल्यामुळे कोणत्याही सायन राशीचे सुरुवातीचे सुमारे २४ अंश निरयन पद्धतीत मागच्या राशीत जातात आणि शेवटचे जेमतेम ६ अंश त्याच राशीत राहतात. म्हणजे ढोबळमानाने पाचातल्या चार पत्रिकांत आपण वाचत असलेले वर्णन त्या पत्रिकेचे नसतेच.

हे नुसते ऐकून पटत नाही, म्हणून एक तारीख घेऊन पाहावे. २७ जुलै २०१८, आषाढी पौर्णिमा, त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि वक्री (पृथ्वीवरून उलटा चालताना दिसणारा) मंगळ सूर्याच्या बरोबर समोर होता. त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचा सायन मंगळ कुंभेत सुमारे ४ अंशांवर आणि सायन शुक्र कन्येत, म्हणजे नीच राशीत येतो. आता अयनांश वजा करा. मंगळ मकरेत साधारण १० अंशांवर उच्च राशीत येतो आणि शुक्र सिंहेत जातो, तिथे तो नीच नाही. सायन वर्णन या मुलाला अलिप्त, तत्त्वासाठी भांडणारा आणि प्रेमात चिकित्सक ठरवील, तर निरयन वर्णन शिस्तबद्ध, महत्त्वाकांक्षी आणि थाटामाटाची आवड असलेला ठरवील. घोटाळा इथेच होतो, कारण दोन्ही वर्णने वाचून आई-वडील मान डोलावतात. वर्णन पटले म्हणजे ते बरोबर आहे, असे समजणे ही या विद्येतली सर्वांत स्वस्त फसवणूक आहे.

यातले खरे चित्र कोणते, असा प्रश्न नवे अभ्यासक लगेच विचारतात. माझे मत असे आहे की, जी पद्धत धराल ती अखेरपर्यंत धरावी, आणि निरयन धरली असेल तर रास हा स्वभावाचा मुख्य आधार मानू नये. याचे कारण आकाशातच आहे. त्या वर्षी मंगळ मे महिन्याच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत मकरेतच होता. या सहा महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा मंगळ उच्च आहे आणि आज एकाच इयत्तेत शेजारी बसणाऱ्या कितीतरी मुलांचा तो तसाच असणार. एवढे सगळे सेनापती एकाच वर्गात असल्याची तक्रार कोणत्याही शिक्षिकेने अजून तरी केलेली नाही.

वेगळेपण येते ते लग्नामुळे, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या राशीमुळे (पत्रिकेतले पहिले स्थान तिचे), कारण लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. तोच मकरेचा मंगळ कर्क लग्नाला पंचमेश आणि दशमेश (पाचव्या व दहाव्या स्थानांचा स्वामी) म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ ठरतो, सप्तम केंद्रात बसून रुचक हा मंगळाचा शुभ योग करतो आणि त्याच सप्तमस्थानामुळे "मंगळाची पत्रिका" हा शिक्काही मिळवतो. कन्या लग्नाला तो तृतीयेश आणि अष्टमेश होऊन पंचमात बसतो, तिथे रुचकही नाही आणि मंगळदोषही नाही. शुक्राचेही तेच आहे. मकर आणि कुंभ लग्नांना योगकारक असलेला शुक्र आणि मेष लग्नाला द्वितीयेश-सप्तमेश म्हणून मारक (घातक) मानला जाणारा शुक्र एकाच वाक्यात बसवता येत नाहीत. हे सारे अवघड वाटले तर घाबरू नये. दहा-बारा पत्रिका सावकाश मांडल्या की भावेश, म्हणजे स्थानांचे स्वामी, आपोआप लक्षात राहू लागतात, हे मी खात्रीने सांगू शकते.

अर्थात या पत्रिका हाताने मांडाव्यात. ॲपला माझा विरोध नाही, पण ज्याने पंचांगातून एकदाही ग्रह मांडले नाहीत, त्याला ॲपची चूक दिसत नाही. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे तो सूर्याच्या राशीपासून मागे-पुढे दोन राशींच्या आतच हवा. सूर्यासमोर शुक्र दाखवणारी पत्रिका न वाचताच परत करावी. पंचांग निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. दाते पंचांग चित्रापक्षाचे (चित्रा ताऱ्यावरून अयनांश ठरवणारे) आहे आणि टिळक पंचांग रैवतपक्षाचे (रेवतीतल्या ताऱ्यावरून ठरवणारे) आहे, दोहोंच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो आणि राशीच्या उंबरठ्यावरचा ग्रह तेवढ्याने घर बदलतो.

ज्योतिष शिकवणाऱ्या गुरूबद्दलही स्पष्ट बोलावे लागेल. जे गुरुजी माणसाचा व्यवसाय आणि संसार विचारून घेतल्यावर "पाहा, मंगळच बोलतो आहे" असे सांगतात, त्यांच्याकडे संभाषणकला शिकावी, ज्योतिष शिकू नये. पत्रिकेवरून काय दिसते ते आधी लिहून ठेवावे आणि माहिती नंतर विचारावी. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेली चाचणीही प्रत्येक अभ्यासकाने समजून घ्यावी. हुशार आणि गतिमंद अशा एकूण २०० मुलांच्या पत्रिकांपैकी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की गतिमंद ते २७ ज्योतिषांनी सांगितले, तेव्हा सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवूनही तेवढी आली असती. माझा अभ्यास यामुळे थांबला नाही, परंतु "तुमचा स्वभाव असाच आहे" हे वाक्य मी सोडून दिले आणि "परंपरेत या स्थितीचा अर्थ असा लावतात" असे म्हणू लागले.

हा फरक शब्दांचा वाटला, तर स्थळे पाहणाऱ्या घरात जाऊन बसावे. लग्न, चतुर्थ, सप्तम, अष्टम आणि व्यय (बारावे) या पाच स्थानांतला मंगळ दोषाचा मानला जातो. बारांपैकी पाच घरे यातच गेली, आणि चंद्रापासून व शुक्रापासूनही मोजायचे ठरवले तर मंगळ नसलेली पत्रिकाच शोधावी लागेल. असे असूनही "कडक मंगळ" या दोन शब्दांवर मुलींची स्थळे मोडतात आणि त्याच दोन शब्दांवरून "मुलगी तापट असणार" असा निकालही दिला जातो. म्हणून निदान पहिली काही वर्षे गुणमेलनासाठी आलेली पत्रिका हाती घेऊ नये. ओळखीतल्या कोणी फारच आग्रह केला, तर मुलगा-मुलीला समोरासमोर बसून बोलू द्यावे असे सुचवावे आणि पत्रिका तशीच परत द्यावी.