सेटरने काय परत द्यावं?

जावा शिकून पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा मजकूर तुकड्यातुकड्याने जोडणारा स्ट्रिंगबिल्डर मला फार आवडायचा. अपेंड, पुन्हा अपेंड, शेवटी टूस्ट्रिंग, सगळं एका दमात. अपेंड आपलं काम करून तोच ऑब्जेक्ट परत देतं, म्हणून पुढचा डॉट लावता येतो. या शैलीला फ्लुएंट इंटरफेस हे नाव एरिक इव्हान्स आणि मार्टिन फाउलर यांनी २००५ मध्ये दिलं.

मग मी आमच्या कस्टमर क्लासचे सगळे सेटर, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये माहिती भरणाऱ्या मेथड, तसेच करून टाकले. 'काही परत देत नाही' असं सांगणारा व्हॉइड काढला, शेवटी 'रिटर्न धिस', म्हणजे तोच ऑब्जेक्ट परत. कोड वाचायला सुरेख झाला. दोन दिवसांनी टेस्टिंगकडून निरोप आला की नव्या नोंदींत पत्ता, मोबाइल, सगळंच रिकामं येतंय. एरर मात्र कुठेच नाही, लॉग स्वच्छ.

कारण सापडायला अख्खा दिवस गेला. एका ऑब्जेक्टमधली माहिती दुसऱ्यात उतरवायला आम्ही एक लायब्ररी वापरायचो आणि ती प्रॉपर्टी ओळखायला क्लासच्या मेथड तपासणाऱ्या जावाच्याच इंट्रोस्पेक्टरवर विसंबून होती. त्याच्या लेखी साधा सेटर म्हणजे 'सेट'ने सुरू होणारी, एक पॅरामीटर घेणारी आणि काहीही परत न देणारी मेथड. माझ्या मेथड ऑब्जेक्ट परत देत होत्या, म्हणजे त्या सेटर नव्हत्याच! प्रॉपर्टी 'फक्त वाचण्यापुरती' ठरली आणि कॉपी करताना गुपचूप वगळली गेली. स्प्रिंग या फ्रेमवर्कने पुढे असे सेटर चालवून घेतले, पण प्रत्येक टूल घेईलच असं नाही.

तेव्हापासून माझे सेटर व्हॉइडच असतात. साखळी हवी असेल तर वेगळा बिल्डर, म्हणजे ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने तयार करणारा क्लास, लिहितो आणि त्यातल्या मेथडना 'सेट' लावत नाही. बिल्डरची खरी किंमत शेवटच्या बिल्ड मेथडमध्ये आहे. सगळी तपासणी तिथे केली की अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट बाहेर पडतच नाही.

नवीन मुलं आणखी एका ठिकाणी हमखास अडकतात. साखळी दिसली म्हणजे मूळ ऑब्जेक्ट बदलतो असं त्यांना वाटतं. तारखेच्या लोकलडेट क्लासचं, दिवस मिळवणारं प्लसडेज नवी तारीख देतं, जुनी जशीच्या तशी राहते. उत्तर व्हेरिएबलमध्ये धरलं नाही तर ती ओळ फुकट गेली. म्हणून नवी प्रत देणाऱ्या मेथडचं नाव 'विथ'ने सुरू करा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि प्रोजेक्टमध्ये सेटर आपोआप लिहून देणारी लॉम्बॉक लायब्ररी असेल तर तिच्या अ‍ॅक्सेसर्समध्ये 'चेन' ट्रू केलंय का ते पहिल्याच दिवशी पाहा. तिथे हेच 'रिटर्न धिस' कुणाच्या नजरेस न पडता तयार होत असतं.