शेवटचे तीन दिवस आणि माझं ‘बघते’

मिशन ट्रिपची, म्हणजे चर्चतर्फे थोड्या दिवसांसाठी परदेशी सेवेला जायची, तयारी कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लसी, व्हिसा, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) किती मिनिटांची असावी, सगळं तीन-तीनदा सांगून होतं. शेवटच्या दिवसांचा विषय मात्र ‘निरोपाला खूप रडायला येतं हं’ एवढ्यावर संपतो. मलाही तेवढंच सांगितलं होतं. रडायला आलंच, पण त्यानं काही बिघडलं नाही. बिघडलं ते एका शब्दामुळे.

माझी पहिली ट्रिप दोन आठवड्यांची होती, टीम आठ जणांची. अकराव्या-बाराव्या दिवशी अंगात त्राण उरत नाही. झोप झालेली नसते, कुणाचं तरी पोट बिघडलेलं असतं, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं. आणि नेमकं तेव्हाच मन असं भरून येतं की समोरच्याला काहीही देऊन टाकावंसं वाटतं. मुलं हात सोडत नाहीत, बायका प्रार्थनेसाठी पुन्हा पुन्हा जवळ येतात. आपण इथे येऊन काय केलं, हा प्रश्न आत टोचत असतो. एक भिंत रंगवली, पाच दिवस व्ही.बी.एस. (मुलांची बायबल शाळा) घेतलं, बस. ती टोचणी शमवायला माणूस तोंडातून काहीतरी मोठं काढतो.

निरोपाच्या संध्याकाळी एका बाईंनी मुलाला पुढे केलं आणि दुभाष्यामार्फत त्याच्या शाळेच्या फीचं विचारलं. मी म्हणाले, ‘बघते मी काहीतरी.’ मराठीत ‘बघते’ म्हणजे निम्मा नकार असतो, हे आपल्याला न सांगता कळतं. पण मी ते दुभाष्याला इंग्रजीत सांगितलं, त्यानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि दोन भाषा ओलांडताना त्यातला नकार गळून पडला. बाईंनी माझे दोन्ही हात कपाळाला लावले. मला वाटलं, प्रार्थना केली म्हणून आभार मानतायत. थोड्या वेळानं ‘पुढच्या वर्षी परत याल ना?’ असं कुणीतरी विचारलं, त्यावरही मी मान हलवली. आमचे टीम लीडर मागून म्हणाले, ‘चांगलं बोल, त्यांना बरं वाटतं.’

पुढच्या वर्षी मी गेले नाही. नोकरी बदलली होती, रजा नव्हती. फीचं तर डोक्यातूनच गेलं. दुसरी टीम तिथे गेली, तेव्हा त्या बाईंनी त्यांना विचारलं की ती बहीण पैसे कुणाकडे पाठवणार आहे. मुलाचं नाव शाळेत घालायचं त्यांनी माझ्या भरवशावर लांबवलं होतं. हे कळलं तेव्हा मी बसमध्ये होते. पुढचे दोन थांबे कधी गेले ते समजलंच नाही.

म्हणून हे जरा पाल्हाळ लावून सांगते, कंटाळलात तरी वाचा. वचन देताना ‘वचन’ हा शब्द वापरायची गरज नसते. ‘प्रयत्न करीन’, ‘आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) विषय काढीन’, ‘संपर्कात राहू’, फोन नंबर लिहून देणं, एखाद्या मुलाला मांडीवर घेऊन ‘हा माझाच’ म्हणणं, हे सगळं ऐकणाऱ्यासाठी वचनच असतं. आपल्यासाठी तो एका संध्याकाळचा उमाळा असतो, त्यांच्यासाठी तो पुढच्या वर्षाचा हिशेब असतो. दुभाष्याला दोष देऊ नका. शक्यता, कदाचित, जमलं तर, हे शब्द घाईच्या भाषांतरात सगळ्यात आधी पडतात. त्याला आधीच सांगून ठेवा, की माझा ‘नाही’ मऊ करू नकोस.

या बाबतीत बायबलमधला प्रेषित पौल वाचावा. इफिस शहरातल्या लोकांनी अजून राहायचा आग्रह केला, तेव्हा तो थांबला नाही. देवाची इच्छा असेल तर परत येईन, एवढंच म्हणाला (प्रेषितांची कृत्ये १८). तो परत आला हे खरं, पण त्यानं तारीख दिली नव्हती. पुढे मिलेत इथे इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावून त्यानं सांगितलं की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. ते त्याच्या गळ्यात पडून रडले आणि त्याला जहाजापर्यंत पोचवायला गेले. उलट करिंथला दोनदा येण्याचा बेत कळवून तो गेला नाही, तेव्हा त्याच्यावर चंचलपणाचा ठपका आला. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो ‘होय, होय’ आणि ‘नाही, नाही’ याचा खुलासा करत बसला आहे. पौलाला खुलासे द्यावे लागले, तिथे तुमची-माझी काय कथा.

मग कुणी खरंच अडचणीत असेल तर काय करायचं? हात झटकायचे नाहीत. ‘मी एकटी काही ठरवू शकत नाही, इथल्या पास्टरांच्या कानावर घालते,’ असं म्हणा आणि खरंच घाला, त्याच संध्याकाळी, विमानतळावरून मेसेज करून नव्हे. कोण खरोखर अडलेलं आहे आणि कुणाची सोय मंडळीनं आधीच केली आहे, हे फक्त यजमान मंडळीला माहीत असतं. हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन हे मिशन संस्थांचे दोन चिटणीस, एक इंग्लंडमधला, एक अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकातच दोघं सांगत होते की स्थानिक मंडळी स्वतःच्या पैशावर उभी राहावी, स्वतःचा कारभार स्वतः पाहावी, सुवार्ता स्वतः पसरवावी. शेवटच्या दिवशी गुपचूप कुणाच्या मुठीत नोटा कोंबणारा पाहुणा या तिन्ही गोष्टींवर पाणी ओततो. आपण विमानात बसतो, आणि ‘तिला दिले, मला का नाही’ हे पास्टरांना ऐकावं लागतं. पैसे द्यायचेच असतील तर मंडळीच्या हातात, पावतीसह. जुने कपडे ‘आशीर्वाद’ म्हणून मागे ठेवून बॅग हलकी करणं तर मला अजिबात सहन होत नाही. माझ्या मते तो कचरा टाकण्याचा सोवळा प्रकार आहे.

लीडरबद्दलही एक आगाऊ मत. ज्यानं त्या देशात दहा-वीसदा ट्रिप नेल्या आहेत, तो अनुभवी असतोच असं नाही. त्याला निघायची सवय असते. मागे राहिलेल्यांचं पुढे काय होतं हे ज्यानं पाहिलंय, असा एक माणूस शोधा: तिथे दोन-चार वर्षं राहिलेला किंवा तिथलाच. निरोपाला काय बोलणार आहात ते त्याला आदल्या दिवशी ऐकवा. तो तोंड वाकडं करील. ती वाक्यं काढून टाका.

बाकीचं भराभर. फोटो टाकायची घाई नको. जिथे धर्मांतरित माणसाला घरातून, गावातून त्रास होऊ शकतो, तिथे चेहरा आणि गावाचं नाव एकत्र गेलं की किंमत तो मोजतो. मलेरियाच्या भागातून परतत असाल तर तो टाळायच्या गोळ्या विमानात बसल्यावर संपत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर तो भाग सोडल्यावर ४ आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर ७ दिवस घ्यायच्या. नंतर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना प्रवासाचं सांगा. टीममधल्या भांडणाचा समेट तिथेच करा, घरी आल्यावर कुणी करत नाही.

आणि घरी आल्यावर चिडचिड झाली, उपासनेत मन लागेना, सगळे उथळ वाटू लागले, तर घाबरू नका. तुमचा विश्वास आटलेला नाही. परदेशातून परतणाऱ्यांचा अभ्यास करून गलाहॉर्न दांपत्यानं १९६३ मध्येच मांडलं होतं की माणूस जाताना जसा खचतो, तसा परतल्यावर पुन्हा एकदा खचतो. आलेख इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा दिसतो. मला दीड महिना लागला. मंडळीसमोर साक्ष द्यायला उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले, कुणीतरी पाणी आणून दिलं. चालतं. प्रचाराच्या प्रवासावरून अंत्युखियाला परतल्यावर पौल आणि त्याचा सोबती बर्णबानं देवानं काय केलं ते सांगितलं. आपण किती भिंती रंगवल्या याची यादी नाही दिली तरी कुणी विचारत नाही.

त्या बाईंबद्दल मी पास्टरांना पत्र लिहिलं, माफी मागितली. त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मुलगा उशिरा का होईना शाळेत गेला होता, मंडळीनं वर्गणी काढली होती. माझ्या माफीबद्दल त्यात काहीच नव्हतं. मी ते पत्र अजून ठेवलंय.

चार वर्षांनी दुसऱ्या देशात गेले. निरोपाच्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, ‘परत कधी येशील?’ मी दुभाष्याला म्हणाले, ‘माहीत नाही. बहुधा येणं होणार नाही.’ तो माझ्याकडे बघत राहिला. ‘असंच सांगू?’ मी म्हटलं, असंच सांग. त्यानं सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या, मग हसून काहीतरी पुटपुटल्या.

‘काय म्हणतायत?’

‘म्हणतायत, मग आज तरी लवकर उठू नकोस.’

गाडीवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला, तोवर मी त्यांच्याशेजारी बसून होते.