ऑक्टोबरात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गाडीने फिरताय? या चुका टाळा

ऑक्टोबरात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस लागेल का, हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाका. लागणारच. केरी कौंटीतल्या (कौंटी म्हणजे तिथला जिल्हा) व्हॅलेन्शियाच्या हवामान केंद्रावर वर्षाला १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. सह्याद्रीचा पाऊस पाहिलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. सकाळी सर, तासाभरात ऊन, पुन्हा भुरभुर. जॅकेट बरं असेल तर हा पाऊस कुणाचं काही बिघडवत नाही. सहल बिघडते ती वाऱ्याने, लवकर पडणाऱ्या अंधाराने आणि घरी बसून नकाशावर मोजलेल्या किलोमीटरांनी.

अंतर मोजलं, उजेड मोजलाच नाही

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. दक्षिणेतल्या किन्सेलपासून उत्तर टोकाच्या मॅलिन हेडच्या बाजूपर्यंत जाणारा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ सुमारे २,५०० किलोमीटरचा आहे. २०१४ साली हा मार्ग पर्यटनासाठी सुरू झाला आणि तेव्हापासून ‘आठ दिवसांत पूर्ण करू’ म्हणणारे थांबलेले नाहीत. भागाकार करून रोजचे तीनशे किलोमीटर येतात आणि आपल्याला वाटतं, एवढं तर सहज होईल. पण हा रस्ता प्रत्येक द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो. वाटेत दगडी बांध, मेंढ्या, एकच गाडी मावेल असे पूल आणि समोरून येणारा ट्रॅक्टर. केरीतल्या द्वीपकल्पाला फेरा घालणारी ‘रिंग ऑफ केरी’ फक्त १७९ किलोमीटरची आहे, पण मनासारखं थांबत गेलात तर तिला अख्खा दिवस लागतो.

आता उजेडाचं पाहू. १ ऑक्टोबरच्या सुमारास गॉलवेत सूर्य संध्याकाळी सातनंतर मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि महिनाअखेरीस सूर्यास्त पाचच्या आसपास येऊन ठेपतो. म्हणजे दिवस साधारण साडेअकरा तासांवरून साडेनऊ तासांवर येतो, त्यातही सूर्य सकाळी साडेसातपर्यंत उगवत नाही. तारीख तुमच्या हातात असेल तर पहिला पंधरवडा घ्या. शेवटचा आठवडा घेतलाच, तर रोजचा शेवटचा टप्पा चारच्या आत संपेल अशी आखणी करा. अनोळखी अरुंद रस्ता, पाऊस आणि अंधार ही तिन्ही एकत्र आली की सहलीची मजा तिथेच संपते.

माझं मत विचाराल तर आठ दिवसांसाठी केरी आणि क्लेअर या दोन कौंट्या पुरेत, किंवा गॉलवे आणि मेयो. मुक्कामाची गावं दोन, फार तर तीन. रोज मुक्काम हलवणारा माणूस वाईट हवामानाच्या दिवशीही गाडी चालवायला बांधलेला असतो. एका गावी तीन रात्री असतील, तर तो खराब दिवस सरळ सोडून देता येतो.

पाटीवरचा आकडा म्हणजे आपला वेग नव्हे

आयर्लंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, त्यामुळे भारतातून जाणारा चालक थोडा जास्तच निर्धास्त होतो. फसवतो तो रस्ता. तिथे रस्त्यांच्या क्रमांकाआधी एम, एन, आर किंवा एल ही अक्षरं असतात आणि त्या क्रमाने रस्ता अरुंद होत जातो. एल म्हणजे स्थानिक रस्ते. त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांत ८० वाचलं असेल तर ते विसरा. आणि ६० सुद्धा प्रत्येक वळणावर चालवायचा वेग नाही. समोरून बस आली की माणूस घाबरून डावीकडे दबतो, आणि तिथे झुडपात लपलेला दगडी बांध असतो. डावा आरसा आणि डावीकडचे टायर यांचा घात असाच होतो.

म्हणून गाडी लहान घ्या. डिंगलजवळच्या कॉनर पासवर दोन टनांहून जड वाहनांना मनाईच आहे, आणि इतर घाटवजा रस्त्यांवरही ऐसपैस एसयूव्हीचा उपयोग कमी, मनस्ताप जास्त. मागे स्थानिकांच्या गाड्या साचल्या तर रुंद जागा बघून बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. त्यांना कामावर जायचं असतं, तुम्हाला मेंढ्यांचे फोटो काढायचे असतात.

दिशेचं एक साधं गणित आहे. डावीकडून गाडी चालवत पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलात, तर समुद्र कायम तुमच्या बाजूला राहतो आणि बघायला थांबताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. डिंगलच्या पुढचा स्ली हेडचा फेराही याच कारणाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करावा. रिंग ऑफ केरीवर मात्र सहलीच्या बस उलट दिशेने फिरतात, तिथे सकाळी लवकर निघणं हाच उपाय.

पावसाचा अंदाज पाहिला, वाऱ्याचा नाही

अटलांटिकवरून येणाऱ्या वादळांना नावं देण्याचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो. ऑक्टोबर म्हणजे त्यातली सुरुवातीची वादळं. १६ ऑक्टोबर २०१७ ला ओफेलिया आलं तेव्हा देशभरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबेटच्या पावसाने कॉर्क कौंटीतलं मिडलटन गाव पाण्याखाली गेलं. २०२४ मध्ये हंगामातलं पहिलं नामांकित वादळ, अॅशली, आलं तेही २० ऑक्टोबरला.

मेट एरिन ही तिथली हवामान संस्था कौंटीनुसार पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. रोज रात्री झोपण्यापूर्वी फक्त आपल्या आणि उद्याच्या कौंटीचा इशारा बघायचा. पिवळा असेल तर उंच कडे आणि बोटी टाळून बाकी दिवस चालू ठेवता येतो. नारिंगी असेल तर मुक्काम हलवू नका, पुढच्या यजमानांना फोन करून कळवा. लाल असेल तर घराबाहेर पडायचंच नाही, मग पुढचं बुकिंग कितीही महागाचं असो. वादळ ओसरल्यावर लगेच निघायची घाईही नको. पडलेली झाडं आणि साचलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही रस्त्यावर असतं.

वाऱ्याचा एक छोटा पण महागात पडणारा त्रास म्हणजे गाडीचं दार. कड्याजवळच्या पार्किंगमध्ये दार उघडलं की वारा ते हातातून हिसकावतो आणि बिजागरी वाकते. गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावा, म्हणजे वारा दार उघडण्याऐवजी बंद करायला बघेल. आणि उतरताना दार दोन्ही हातांनी धरा, मुलांना स्वतःहून उघडू देऊ नका.

‘क्लिफ्स ऑफ मोहर’ला पोहोचलात आणि समोर नुसतं पांढरं धुकं, हे सर्रास घडतं. कडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत आणि ढग त्याहून खाली उतरतात. तिथेच हिरमुसून बसण्यापेक्षा डूलिनच्या गुहेत जा. तिथे छतापासून लोंबणारा सात मीटरहून लांब चुनखडीचा स्तंभ आहे आणि त्याला हवामानाचं काही देणंघेणं नाही. दोन-तीन तासांनी कड्यांवर परत या. असा छपराखालचा एक पर्याय प्रत्येक दिवसाच्या आखणीत असलाच पाहिजे. फक्त हिवाळी वेळा आधी तपासा, कारण बऱ्याच ठिकाणी त्या ऑक्टोबरपासून आखडत्या होतात.

भरतीचं वेळापत्रक न बघता वाळूवर जाणं

क्लिफडेनजवळच्या ओमी बेटावर ओहोटीच्या वेळी वाळूवरून गाडीने जाता येतं. खांबांवरच्या खुणा वाट दाखवतात. परत यायची वेळ चुकली की मधे समुद्र असतो आणि पुढची ओहोटी येईपर्यंत बसून राहावं लागतं. केरीतल्या इंच बीचवरही गाड्या वाळूवर उतरतात आणि रुतलेल्या गाडीपर्यंत पाणी येऊन पोहोचतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं हे आपल्याला ठाऊक असतं. शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबर अखेरच्या आसपासची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. माझा सल्ला सरळ आहे: भाड्याची गाडी वाळूवर नेऊच नका. असं नुकसान बहुतेक भाडेकरार भरून देत नाहीत. ओमीला ओहोटीत चालत जाणं जास्त छान आहे.

पाणी जमिनीवरूनही अडवतं. क्लेअर आणि दक्षिण गॉलवेच्या चुनखडीच्या प्रदेशात ‘टर्लॉक’ नावाची हंगामी तळी आहेत. लांबलेल्या पावसानंतर ती जमिनीखालून भरतात आणि कधी कधी रस्त्यावर येतात. कडा दिसत नसलेल्या पाण्यात गाडी घालू नका, मागे फिरा. नकाशाचं अॅप अर्ध्या तासाचा वळसा दाखवेल, तो मुकाट्याने घ्या.

भाड्याच्या काउंटरवरची घाई

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड नसेल तर बुकिंग झालेलं असूनही गाडी हातात न मिळण्याची शक्यता असते. डेबिट कार्डावर भिस्त ठेवू नका. भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असलेला बरा, म्हणजे काउंटरवर वाद होत नाही. मूळ विम्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा तुमच्याच माथी असतो आणि तो हजार युरोंच्या वर जाऊ शकतो. त्यातही टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो, म्हणजे या रस्त्यांवर नेमकं जे फुटतं तेच. तो हिस्सा भरून देणारा वेगळा विमा घरून निघण्यापूर्वी घेतला तर साधारणपणे स्वस्त पडतो. क्रेडिट कार्डावर फुकट मिळणाऱ्या विम्यावर विसंबणार असाल, तर त्यात आयर्लंड वगळलेलं नाही ना, हे लेखी विचारा.

पावसात गाडी ताब्यात घेताना ओल्या पत्र्यावरचे ओरखडे दिसत नाहीत. छपराखाली न्या, फडक्याने पुसा, चारही चाकांच्या रिमसकट व्हिडिओ काढा. डिकी उघडून स्टेपनी आहे का पाहा. हल्ली अनेक गाड्यांत तिच्याऐवजी फक्त पंक्चर बुजवायचं द्रव्य आणि छोटा पंप असतो. टायरची बाजू चिरली तर त्याचा उपयोग शून्य, तेव्हा मदतीचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. आणीबाणीत ११२ लावा.

पार्किंगमधून बाहेर पडण्यापूर्वी दोन बटणं शोधून ठेवा. ओले कोट, ओले बूट आणि चार माणसांचा श्वास यांनी काचा आतून पाच मिनिटांत धुरकटतात. गरम हवा समोरच्या काचेवर सोडा आणि सोबत एसी चालू करा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल, पण हवेतली ओल तोच काढतो. हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद ठेवा. दुसरं बटण दिव्यांचं. दिवसा आपोआप लागणारे दिवे बऱ्याच गाड्यांत फक्त पुढेच लागतात, मागे अंधारच असतो. पाऊस किंवा धुकं असेल तर मुख्य दिवे हाताने लावा. काळा चष्माही हाताशी असू द्या. सर गेली की खाली आलेला सूर्य ओल्या डांबरावरून थेट डोळ्यांत येतो.

पेट्रोलपंपावर हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची. चुकीचं इंधन भरलं गेलं तर इंजिन सुरू करू नका, तिथूनच कंपनीला फोन करा.

न दिसणारी सीमा आणि बंद झालेला हंगाम

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात, नाही; शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. मॅलिन हेडला जाताना डेरी शहर जवळ आहे म्हणून सहज वळण घेतलं जातं, पण ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. रस्त्यावर चौकी नसते, फक्त वेगाच्या पाट्या मैलांत दिसू लागतात. चौकी नाही म्हणून व्हिसा नको, असं नव्हे. तुमच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा आहे का ते बघा आणि गाडीचा विमा सीमेपलीकडे चालतो का ते काउंटरवर विचारा.

केरीच्या किनाऱ्यासमोरच्या स्केलिग मायकल बेटावर उतरवणाऱ्या बोटी सप्टेंबरअखेर बंद होतात, ऑक्टोबरात त्यावर दिवस राखून ठेवू नका. अॅरन बेटांसाठी गॉलवेतल्या रॉसाव्हीलहून वर्षभर बोट असते, डूलिनच्या बोटी हंगामी आहेत. केरी आणि क्लेअरच्या मधे टार्बर्ट–किलिमर ही गाड्या नेणारी फेरी वापरा. वीस मिनिटांत शॅनन नदीचं मुख ओलांडून होतं आणि लिमरिकचा मोठा वळसा वाचतो. वाऱ्यामुळे फेऱ्या थांबू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा.

ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा असतो आणि त्याच सुमारास शाळांनाही सुट्टी लागते. ऐन मंदीत ते शनिवार-रविवार मात्र भरलेले असतात, कॉर्कमध्ये तर तेव्हा जॅझ महोत्सव असतो. तेवढ्या रात्रींचं बुकिंग आधी करा. उलट लहान गावांत महिनाअखेरीस काही घरगुती मुक्काम बंदच झालेले असतात, आणि जेवणाची ऑर्डर रात्री नऊनंतर घेतली जाईल याची खात्री नसते.

डब्लिन विमानतळावर उतरणार असाल तर एम ५० वरचा टोल लक्षात ठेवा. तिथे नाका नाही, फाटक नाही, कॅमेरा फक्त नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरायचे असतात. गाडीच्या भाड्यात तो टोल धरला आहे का, हे किल्ली घेतानाच विचारून घ्या, नाहीतर दंड आणि त्यावर कंपनीचं प्रशासकीय शुल्क घरी परतल्यावर कार्डावर येतं.