इंजिनिअरिंगची फी परवडत नाही? आधी दाखले काढा, मग कॉलेज शोधा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी कॉलेजांच्या याद्या निघतात. दाखल्यांची फाइल मात्र कुणी उघडत नाही, आणि फी सवलत नेमकी तिथेच अडकते.

म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल (अधिवासाचा दाखला) आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बसतो. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल, तर जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका; सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

मग बँक. फी सवलतीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ‘आधार दिलंय ना?’ ‘हो, दिलंय,’ एवढ्यावर परत फिरू नका. केवायसीला आधार देणं वेगळं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयला (बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला) खातं जोडलंय का, असं स्पष्ट विचारा.

प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना विसरा. कॅपमधून गेलात आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर तिच्यात निम्मी ट्यूशन फी सुटते. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शंभर टक्के माफी आहे, पण खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा 2.5 लाख आहे.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर या योजनांचा अर्ज भरला की काम संपलं असं वाटतं. खरं तर तो आता कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, आणि धूसर स्कॅनपायीसुद्धा परत येतो. अधूनमधून लॉगिन करून स्थिती बघा, स्कॉलरशिप विभागात चक्कर मारा. क्लार्कशी गोड बोलण्याला पर्याय नाही!

राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि जमातींसाठी स्वयंम या योजना बघा.

एवढं करूनही कमी पडलं, तरच कर्ज. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत तारण किंवा जामीनदार लागत नाही, मात्र ठरावीक यादीतल्याच संस्थांसाठी ते मिळतं. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र आधीपासूनच चढत असतं. घरच्यांना झेपत असेल तर निदान ते तरी दरमहा भरत राहा.