वाचनाची मागणी ग्रामसभेत कशी लावून धरायची

'विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची गोडी निर्माण व्हावी' असा ठराव कुणी अडवत नाही आणि त्यातून एक पुस्तकही येत नाही. मागणी एकच ठेवा, तिला आकडा लावा.

आकडा वर्गातूनच येतो. तिसरीच्या प्रत्येक मुलाकडून अनोळखी, सोपा उतारा मिनिटभर वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, मग त्यावर दोन प्रश्न विचारा. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. पुस्तकातला धडा नको. पोरांचा तो तोंडपाठ असतो आणि आकडा फुगतो. जोडाक्षरांशी अडखळणारी मुलं वेगळी मोजा, पुस्तकं निवडताना उपयोग होतो. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं पटावर आली असतील, तर त्यांचाही आकडा स्वतंत्र. सरासरीत त्यांचीच अडचण दडते. ग्रामसभेच्या कागदावर मुलांची नावं मात्र घालू नका.

आता शाळेचं कपाट उघडा. आत गोष्टींची पुस्तकं कुलपात असतील, तर मागायचं आहे ते उघडं रॅक. हे आधी पाहिलं नाही, तर सभेत कुणीतरी विचारतोच.

शिक्षकाने थेट मागणी करण्यात वर्तणूक नियमांची अडचण येऊ शकते. ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात किमान ७५ टक्के पालक असतात. सूचक-अनुमोदक दोघंही पालकच घ्या. (विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मत नाही, पालकाचं मत मात्र सरपंच मोजून असतो.)

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास हाती घेतला जातो. ठरावाची प्रत पंधरा दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या, आवक क्रमांक घ्या, विषय अजेंड्यावर आला का ते पाहा. 'ऐनवेळचे विषय' निघतात तेव्हा माणसं चपला शोधत असतात. बोलताना १९१७ च्या शाहू महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणापासून सुरुवात करायचा मोह कोल्हापुरात होतोच, आवरा. आधी वाचनाचा आकडा, मग मागायची रक्कम.

प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही द्या. पुढे हालचाल नसेल, तर एखाद्या पालकाने दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकावा: 'अमुक ठरावावर काय कार्यवाही झाली?' उत्तराची मुदत ३० दिवस.